झाड कुठे कललं होतं

२६ नोव्हेंबर २०१० या दिवशी नागपूरला दीक्षाभूमीवर लोकशाहीर विठ्ठल उमप गेले. एका बौद्ध दूरचित्रवाहिनीच्या उद्घाटनाचा सोहळा होता. शाहीर मंचावर होते, हृदयविकाराचा झटका आला आणि निरोपाला अवसर न देता सारं संपलं. वय ७९. अशा मृत्यूची बातमी आली की हळहळीच्या पाठोपाठ आपल्याकडे एक उद्गार हमखास निघतो: असं मरण भाग्यवंतालाच येतं. उमपांच्या बाबतीत तर त्या उद्गाराला सगळीकडून बळ मिळत होतं. शाहिराला मंचावर मरण यावं, तेही जिथे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी आपल्या लाखो अनुयायांसह धम्म स्वीकारला त्या भूमीवर, आणि तेही संविधान स्वीकारलं गेल्याच्या तारखेला. एवढे योग जुळून आल्यावर दुःख करायचं कशाला, असंच कुणालाही वाटेल. हे सांत्वन प्रेमापोटी केलं जातं, यात शंका नाही. पण ते खरं आहे का, हा प्रश्न विचारायला हवा, कारण शाहीर ज्या धम्माच्या भूमीवर पडले त्या धम्माने नेमक्या याच सांत्वनाची फार पूर्वी झाडाझडती घेतलेली आहे. मला वाटतं, हे सांत्वन नाकारल्याशिवाय शाहिराचं नीट स्मरण करता येत नाही.

शेवटचा क्षण सगळ्या आयुष्याचा निकाल लावतो ही समजूत आपल्यात खोलवर मुरलेली आहे. अंतकाळी ज्याचं स्मरण करावं त्याच्याकडे जीव जातो, असं गीतेचा आठवा अध्याय सांगतो. भागवतातल्या अजामिळाने मरताना हाक मारली ती मुलाला. पण मुलाचं नाव नारायण असल्यामुळे यमदूतांना परत जावं लागलं. कीर्तनात उभं असताना देह पडला तर वैकुंठ, असं मानणारं वारकरी मन याच मातीतलं. बौद्ध परंपराही यातून पूर्ण सुटलेली नाही. मरणाच्या तोंडाशी केलेल्या किंवा आठवलेल्या कर्माला अभिधम्म परंपरेत वेगळं नाव आहे आणि त्याला पुढच्या जन्मासंबंधी वजनही आहे. म्हणूनच श्रीलंकेत किंवा म्यानमारमध्ये मरणासन्न माणसाच्या उशाशी भिक्खू परित्तपाठ म्हणतात. तेव्हा मंचावरच्या मृत्यूला पुण्यमरण मानणाऱ्याला भाबडा म्हणून झटकता येत नाही. त्याच्या मागे फार मोठा वारसा उभा आहे. पण त्या वारशातलेच ग्रंथ थोडं पुढे वाचले तर ते शेवटच्या क्षणावर फार काळ थांबत नाहीत असं दिसतं. गीतेचा लगेचचा श्लोक म्हणतो की अंतकाळी तोच भाव वर येतो जो माणसाने नेहमी जोपासलेला असतो. आणि त्यापुढचा श्लोक अर्जुनाला सर्व काळ स्मरण ठेवायला आणि युद्धही करायला सांगतो. म्हणजे भार सर्व काळावर आहे, अंतकाळ ही त्याची पावती झाली.

अकस्मात मरणाचा प्रश्न बुद्धांना अगदी थेट विचारला गेला होता. विचारणारा होता महानाम शाक्य, कपिलवस्तूचा गृहस्थ. त्याची अडचण संसारी माणसाची होती. भिक्खूंच्या सहवासात बसून मन शांत होतं, पण संध्याकाळी गावात शिरावं तर गर्दी, मोकाट हत्ती, घोडे, रथ, गाडे, माणसं. त्या गोंधळात बुद्ध, धम्म, संघ यांचं भान सुटतं. अशा वेळी मरण आलं तर माझं काय होईल? बुद्धांनी त्याला दोनदा सांगितलं, भिऊ नको. एखादं झाड पूर्वेकडे कललेलं असेल तर बुंध्याशी तोडल्यावर ते कुठे पडेल? ज्या बाजूला कललं होतं त्याच बाजूला. या उत्तरात घाव कधी बसला, कुणी घातला, त्या वेळी वारा होता की नव्हता, याला काहीच महत्त्व उरत नाही. महानामाला याचा दिलासा मिळाला, कारण वाईट वेळी आलेलं मरण त्याचं काही बिघडवू शकत नव्हतं. पण हाच तर्क उलट बाजूनेही लागू होतो, आणि तिकडे आपण सहसा बघत नाही. वाईट वेळचं मरण चांगल्या आयुष्याला खाली ओढत नसेल, तर सुरेख योगावर आलेलं मरणही त्या आयुष्यात भर घालू शकत नाही. उमप दीक्षाभूमीऐवजी परतीच्या रेल्वेत गेले असते, एखाद्या फाट्यावर गाडीची वाट बघताना गेले असते, तरी त्यांच्या शाहिरीचं मोल तसूभर कमी झालं नसतं. ३१ मे २०२२ रोजी कोलकात्यातला कार्यक्रम आटोपल्यावर थोड्याच वेळात गायक केके गेला, तेव्हाही गाता गाता गेला म्हणून लोकांनी मनाची समजूत घातली. त्रेपन्नाव्या वर्षी गेलेल्या माणसाच्या मरणाला सुंदर म्हणणं मला तेव्हाही पटलं नाही.

या सांत्वनात आणखी एक खोट आहे. त्यात मरण हाच शेवटचा प्रयोग होऊन बसतो, आणि प्रेक्षक म्हणून आपण त्याला टाळी देतो. उभ्या आयुष्याच्या श्रमाकडे मग लक्ष जात नाही. म्हातारे लोककलावंत सत्तरी-पंचाहत्तरीतही गावोगावच्या सुपाऱ्या का घेत राहतात, सरकारी मानधनाच्या यादीत नाव लागावं म्हणून त्यांना किती खेटे घालावे लागतात, हे विचारायची गरज उरत नाही. मंचावर मरण येणं हे भाग्य ठरलं की मंचावर राबत राहणं हेही भाग्यच ठरतं.

कलावंताचं मेल्यावर काय होतं, हाच प्रश्न घेऊन एक कलावंत स्वतः बुद्धांकडे गेला होता. तो संवाद संयुत्त निकायात आहे. त्याचं नाव तालपुट. तो साधा नट नव्हता, नटांच्या मोठ्या संचाचा म्होरक्या होता. आपल्या भाषेत सांगायचं तर फडमालक. त्याने विचारलं की आमच्या धंद्यातले जुने आचार्य सांगत आले आहेत, जो नट रंगमंचावर, जत्रेत खऱ्याखोट्याने लोकांना हसवतो, रिझवतो, तो मेल्यावर हसऱ्या देवांच्या लोकात जातो. यावर आपलं म्हणणं काय? बुद्धांनी उत्तर टाळलं. हे मला विचारू नको, म्हणाले. त्याने पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा विचारल्यावर मात्र त्यांनी सांगितलं, आणि ते उत्तर कठोर आहे. प्रेक्षक आधीच राग (पालीतल्या अर्थाने अभिलाषा), द्वेष, मोह यांनी बांधलेले असतात; नट त्यांच्यापुढे आणखी राग, आणखी द्वेष, आणखी मोह पेटवणाऱ्या गोष्टी मांडतो; स्वतः बेभान होतो, दुसऱ्यांना बेभान करतो; असा नट हसऱ्या देवांत जात नाही, त्याची गती नरकाची आहे. तालपुट रडू लागला. बुद्ध म्हणाले, म्हणून तर नको विचारू म्हणत होतो. त्यावर त्याने दिलेलं उत्तर मला या संवादातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तुम्ही जे सांगितलंत त्यासाठी मी रडत नाही, तो म्हणाला. आमच्या आचार्यांनी आम्हाला इतका काळ फसवलं, म्हणून रडतो आहे. म्हणजे दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीही कलावंताच्या मरणावर घालायची एक गोड फुंकर तयार होती, धंद्यातली माणसंच ती पिढ्यानपिढ्या एकमेकांवर घालत होती, आणि ती खोटी निघाल्याचं दुःख तालपुटाला नरकाच्या भीतीहून मोठं वाटलं.

या संवादाकडे कलेच्या निषेधाचा पुरावा म्हणून बोट दाखवलं जातं, आणि वरवर वाचलं तर तसं वाटतंही. पण प्रश्न काय होता आणि उत्तर कशाबद्दल आहे ते शेजारी शेजारी ठेवून बघावं. प्रश्न नटाच्या परलोकाचा होता. उत्तराचा बराचसा भाग समोर बसलेल्या माणसांच्या मनाबद्दल आहे. तुझं पुढे काय होईल हे तू कुठल्या जागी, कुठल्या घटकेला मेलास यावर ठरत नाही. लोक तुझ्यासमोरून उठून घरी गेले तेव्हा त्यांच्या मनातला राग, द्वेष, मोह वाढला होता की घटला होता, हा हिशेब आहे. कलेला लावायची ही कसोटी आहे, आणि कसोटी म्हटली की तिच्यातून उतरण्याची शक्यताही आलीच. गेलेल्या गायकाचं स्मरण करायचं तर याच कसोटीने करावं असं माझं म्हणणं आहे. त्याच्या गाण्याने ऐकणाऱ्यांचं काय केलं?

उमपांच्या बाबतीत या प्रश्नाचं उत्तर देण्यासाठी ते ज्या परंपरेत वाढले तिच्याकडे बघायला हवं. ते १९३१ साली मुंबईत जन्मले. तो काळ महाड आणि काळाराम मंदिराच्या सत्याग्रहांनी पेटलेला होता, आणि आंबेडकरी जलसा त्याच धगीत आकार घेत होता. तमाशाचा सांगाडा सत्यशोधकांनी आधीच आपल्या कामाला लावला होता. आता गण बदलला, गवळण मागे पडली, आणि वगात सावकार-भटजीच्या जोडीने शाळा, पाणवठा, दारूचा गुत्ता हे विषय आले. मेलेल्या जनावराचं मांस सोडा, भाकरी मागत फिरू नका, पोराला शाळेत घाला, हे भाषणातून सांगितलं तर माणूस मान डोलावून विसरतो. तेच ढोलकीच्या ठेक्यावर आलं की घरी जाताना त्याच्या तोंडात असतं. भीमराव कर्डकांच्या जलशाचं मोल बाबासाहेब आपल्या भाषणांहून मोठं मानत, असं जे आजवर सांगितलं जातं, त्याचा अर्थ हाच असावा. या गाण्यांनी मोह घटवला असं म्हणणं अतिशयोक्ती नाही. आपण जन्मानेच हलके आहोत, हा त्या माणसांवर लादलेला सगळ्यात मोठा मोह होता, आणि तो सोडवायला व्याकरणशुद्ध प्रबंध कामाला येणार नव्हता. उमप हे त्या परंपरेच्या पुढच्या पिढीतले. भीमगीतं तर त्यांनी गायलीच; पण भारूड, गोंधळ, पोवाडा, कोळीगीत, कव्वाली असं जे जे लोकांच्या ओठांवर होतं ते सगळं त्यांच्या गळ्यात आलं. 'टिंग्या'सारख्या चित्रपटातही ते दिसले.

आणि इथेच खरी अडचण येते. प्रबोधनाची गाणी कसोटीला उतरतात हे दाखवणं सोपं आहे. पण उमप हे नुसते प्रबोधनकार नव्हते. लोकांना हसवणारे, खेळवणारे, नाचायला लावणारे रंजनकारही होते. त्यांच्या स्मरणात आपण फक्त चळवळीची गाणी ठेवली आणि बाकीची गुपचूप बाजूला सारली, तर तो अप्रामाणिकपणा होईल. म्हणून मी त्यांच्या 'जांभूळ आख्याना'चा विचार करतो, कारण तिथे प्रबोधनाचा आडोसा घेता येत नाही. कथा लोकपरंपरेतली आहे. पाच पती असलेल्या द्रौपदीच्या मनात कर्णाविषयी ओढ आहे. वनात एक जांभूळ तोडलं जातं आणि ते पुन्हा झाडाला लागायचं तर प्रत्येकाने आपल्या मनातलं खरं बोलावं लागतं. पांडव बोलतात, फळ वर सरकतं; द्रौपदी लपवते आणि फळ अडतं. तिने कर्णाचं नाव घेतल्यावरच ते देठाला जाऊन चिकटतं. हा विषय रागाचाच आहे, तालपुटाच्या संवादातल्या अर्थाने. अभिलाषेचा, परपुरुषाच्या ओढीचा. उतारवयातला एक शाहीर द्रौपदी होऊन ही ओढ मांडतो, ठेका चढत जातो, लोक रंगतात. मग वासना भडकली का? आख्यानाची सगळी ओढ कबुलीकडे आहे. अभिलाषा आहे हे मान्य केल्याशिवाय तुटलेलं सांधत नाही, आणि ज्या बाईला पुराणाने सती म्हणून मखरात बसवलं तिलाही हे मान्य करता येतं. ते पाहून उठणाऱ्या माणसाच्या मनातला राग वाढला असेल असं मला वाटत नाही. आपल्या मनाकडे त्याने थोडं कमी भिऊन पाहिलं असेल. तालपुटाने आपल्या धंद्याचं वर्णन करताना खरं आणि खोटं दोन्ही मिसळून लोकांना रिझवणं असं म्हटलं होतं. इथे खोट्या कथेच्या पोटात खरं बोलण्याचीच अट घातलेली आहे.

कडक शीलाचा आग्रह धरणारा यावर म्हणेल की हे सगळं पळवाट काढणं झालं. उपोसथाच्या आठ शीलांत नृत्य, गीत, वादन यांपासून दूर राहायचं शील आहे. धम्म लांबलचक सुरांत आळवून म्हणण्याचे पाच दोषही अंगुत्तर निकायात सांगितले आहेत: म्हणणारा आपल्या आवाजावर लुब्ध होतो, ऐकणारेही लुब्ध होतात, असं बरंच काही. तालपुट स्वतः धंदा सोडून भिक्खू झाला आणि अर्हत्पदाला पोचला. मग आदर्श मंच सोडण्याचा आहे, मंचावर मरण्याचा कसा असेल? आक्षेप वजनदार आहे आणि त्याचा पहिला भाग मी मान्य करतो. ध्यानाला बसलेल्याने गाणं दूर ठेवावं हे समजण्यासारखं आहे. स्वतःच्या आवाजावर भाळलेला गायक काय होऊन बसतो हे आपण रोज बघतो. पण त्याच त्रिपिटकात दीघ निकायात राजगृहाजवळच्या इंद्रशाल गुहेतला प्रसंग आहे. पंचशिख गंधर्व बेलाच्या लाकडाची वीणा घेऊन येतो आणि बुद्धांपुढे चक्क प्रेमगीत गातो. आपल्या प्रेयसीविषयीची ओढ आणि अर्हतांविषयीचा आदर त्या गाण्यात एकमेकांत गुंतलेले आहेत. बुद्ध त्याला थांबवत नाहीत. तारांचा सूर आणि गळ्याचा सूर किती छान जुळला, एकाने दुसऱ्याला झाकलं नाही, असं म्हणून गाणं कधी रचलंस याची चौकशी करतात. ही दाद जाणकाराची आहे. आणि तालपुटाविषयी म्हणायचं तर त्याने मंच सोडला, नाट्य सोडलं नाही. थेरगाथेत त्याच्या नावावर पन्नासहून अधिक गाथा आहेत, एका थेराच्या मानाने पुष्कळ. त्यांत तो आपल्याच मनाला समोर उभं करून त्याच्याशी भांडतो, त्याला चुचकारतो, दरडावतो. जन्मभर संवाद बोललेल्या माणसाखेरीज दुसऱ्या कुणाला ते असं सुचलं नसतं.

याहून अवघड प्रश्न अनात्माचा. बौद्ध विचारात टिकून राहणारा आत्मा नाही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पुनर्जन्माचा प्रश्न दोन भागांत तोडला, पुनर्जन्म कशाचा आणि पुनर्जन्म कुणाचा. आणि तोच माणूस, तोच आत्मा पुन्हा येतो ही कल्पना त्यांनी स्वीकारली नाही. मग पुण्यानुमोदनाला जमलेली माणसं नेमकं कुणाचं स्मरण करतात? जे कुठेच नाही त्याला फुलं वाहणं हा स्वतःलाच दिलेला भुलावा नव्हे का? मिलिंदपञ्हात राजा मिलिंदाने भिक्खू नागसेनाला असंच कोंडीत पकडलं होतं: काहीच इकडून तिकडे जात नसेल तर पुढे काय चालू राहतं? नागसेनाने त्याला विचारलं, राजा, लहानपणी गुरूकडून एखादा श्लोक शिकल्याचं तुला आठवतं का? आठवतं. मग तो श्लोक गुरूमधून निघून तुझ्यात आला का? नाही. गाण्याच्या बाबतीत हा दाखला जसाच्या तसा लागू पडतो. गुरूचा श्लोक कमी झाला नाही आणि शिष्याला तो मिळाला. उमपांची शाहिरी त्यांचे चिरंजीव नंदेश उमप यांनी पुढे चालवली आणि इतरही अनेकांनी उचलली; त्यासाठी उमपांचा आत्मा कुठे घोटाळत राहायची गरज पडली नाही.

पण मला याच्याही अलीकडे, शाहीर जिवंत असतानाच्या आवाजाकडे लक्ष वेधायचं आहे. शाहिरी ऐकताना नीट बघावं. शाहीर डफावर थाप मारून ओळ सोडतो. मागे उभे असलेले झीलकरी तिचा शेवटचा शब्द वरच्या वर झेलतात आणि जी जी रं जी करत सूर ताणून धरतात. तेवढ्या अवधीत शाहीर श्वास घेतो, पुढची ओळ जुळवतो, समोरच्या माणसाकडे एक नजर टाकतो, आणि सूर खाली पडायच्या आत पुन्हा उचलतो. झील थांबली तर शाहिराचा दम तुटेल. समोरून दाद आली नाही तर त्याची ओळ लांबणार नाही, चढणार नाही. हा आवाज एकट्या माणसाचा कधी नव्हताच. गळा, ढोलकी, झील आणि समोरची माणसं यांच्या मेळातून तो त्या त्या वेळी उभा राहत होता. एक कारण असेल तर दुसरं घडतं, हे प्रतीत्यसमुत्पादाचं सूत्र समजून घ्यायला याहून जवळचं उदाहरण मला माहीत नाही. उमप गेले म्हणजे त्या मेळातलं एक मोठं कारण गेलं. बाकीची कारणं शिल्लक आहेत, आणि स्मरण ही त्यांची जबाबदारी आहे.

मग रडायचं की नाही? आसक्ती दुःखाचं मूळ असेल तर ज्याला कधी भेटलोही नाही अशा गायकासाठी डोळ्यांत पाणी येणं ही आसक्तीच, असं कुणी म्हणेल. बुद्धांचा पट्टशिष्य सारिपुत्त गेल्याची बातमी सांगायला चुंद त्याचं पात्र आणि चीवर घेऊन आला तेव्हा बुद्धांचा सेवक भिक्खू आनंद याला अंगातलं बळ गेल्यासारखं झालं, दिशा कळेनाशा झाल्या. बुद्धांनी त्याला विचारलं, सारिपुत्त जाताना तुझं शील घेऊन गेला का? समाधी? प्रज्ञा? आनंद म्हणाला, नाही. पण तो आम्हाला समजावणारा होता, शिकवताना न थकणारा होता. प्रश्नाने आनंदाला सावरलं, पण त्याच्या उत्तरातलं नुकसान कुणी खोटं ठरवलं नाही. पुढे दुसरा पट्टशिष्य मोग्गल्लानही गेला. गंगेच्या काठी उक्काचेल इथे भिक्खूंसमोर बसलेल्या बुद्धांनी सांगितलं की हे दोघे नसताना ही परिषद मला रिकामी वाटते. तथागताला शोक होत नाही असंही तेच सुत्त लगेच सांगतं, हे मी लपवत नाही. पण शोक नसलेल्यालाही रिकामी जागा दिसली, आणि ती त्याने चारचौघांत बोलून दाखवली. भाग्यवंताचं मरण म्हणून आपण जेव्हा गप्प बसतो तेव्हा हीच रिकामी जागा नाकारतो. सामान्य माणसाला तिच्याकडे बघून रडू आलं तर त्यात धम्माला कमीपणा कसला?

राहिला विभूतिपूजेचा आक्षेप, आणि तो बाबासाहेबांच्या अनुयायांनी तर टाळूच नये. १९४३ साली पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांवर बोलताना त्यांनी विभूतिपूजेचे दोन प्रकार वेगळे केले होते. थोराविषयी मनापासून आदर व्यक्त करणं ही एक गोष्ट. त्याच्यापुढे आपली बुद्धी गहाण टाकणं ही अगदी वेगळी. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणातही भक्तीचा हाच धोका त्यांनी पुन्हा बजावला. गायकाच्या बाबतीत आज्ञा पाळण्याचा प्रश्न येत नाही, म्हणून हा धोका कमी वाटतो. पण तो दुसऱ्या दाराने येतो. गायक गेला की त्याचं सगळंच पवित्र ठरतं. सुमार गाणं सुमार म्हणायची चोरी होते, आणि जयंतीला त्याचीच गाणी भिंती हादरवणाऱ्या डीजेवर वाजवून, शब्दही कळू नयेत अशी सोय करून, आपण त्याला अभिवादन केलं असं मानतो. शाहिरीचा प्राण शब्द कळण्यात आहे. जो आवाज ऐकणाऱ्याला विचार करायला थोडीही उसंत देत नाही तो बेभान करतो, आणि तालपुटाला दिलेल्या उत्तरात बेभान होणं आणि करणं हाच आरोप होता. कसोटी लावायची तर ती स्मरणाच्या रीतीलाही लावावी लागेल.

शाहीर ज्या सगळ्यांच्या मेळातून गात होता त्यांच्यापैकी बरेच जण आज कुणाला माहीत नाहीत. कॅसेटच्या वेष्टनावर शाहिराचं नाव आणि फोटो असे, क्वचित संगीतकाराचं नाव असे. झील धरणाऱ्यांची, हलगी-संबळ वाजवणाऱ्यांची नावं बहुतेक वेळा नसत. कुठल्या ओळीवर झील कशी उचलायची, कुठे ठेका मोडायचा, गावागणिक कुठलं कडवं गाळायचं आणि कुठलं नवं घालायचं, हे ध्वनिमुद्रणात पुरतं उतरत नाही. ते या माणसांना ठाऊक आहे. त्यांना शोधून, त्यांच्याकडून ते शिकून घेणं आणि त्यांची नावं लिहून ठेवणं, हे उमपांच्याच नव्हे तर त्या पिढीतल्या प्रत्येक शाहिराच्या स्मरणाचं काम आहे. पुतळा आणि पुरस्कार यांना पुढेही वेळ मिळेल. या कामाला फारसा उरलेला नाही, कारण तीही माणसं आता थकली आहेत.